इतिहासाला इस्त्री

आमचे वडील एका सहकारी बँकेत ३१ वर्षे कारकून होते आणि त्या ३१ वर्षांत त्यांनी खोडरबराला हात म्हणून लावला नाही. बँकेत नाही, तसाच घरातही नाही. मी गणिताच्या वहीत रबराने खसाखसा घासायला लागलो की ते वर्तमानपत्रातून डोके वर काढून म्हणत, "घासू नकोस. एक आडवी रेघ मार, वर बरोबर आकडा लिही आणि शेजारी सही कर." सही! इयत्ता चौथीत! एकदा गुरुजींनी माझी वही मुद्दाम घरी पाठवली. त्यात एका भागाकाराच्या आसपास १६ ठिकाणी माझी लपेटदार सही होती आणि खाली गुरुजींचा शेरा होता, 'पाल्यास मोठेपणाची घाई झाली आहे. लक्ष द्यावे.' वडिलांनी शेरा वाचला, आकडे तपासले आणि म्हणाले, "एक सही राहिलीय बघ."

त्यांचे म्हणणे असे की चूक होणे हा गुन्हा नाही, चूक झाली होती हे नाहीसे करणे हा गुन्हा आहे. कीर्दीत खाडाखोड दिसली की तपासनीस रागावत नाही. कागद खरवडलेला दिसला की मात्र तो चष्मा काढून पुसायला लागतो.

हे सगळे आता आठवायचे कारण म्हणजे माझा धंदा. मी पोटासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो, आणि आमच्या धंद्यात गेली वीस वर्षे खोडरबरावरून दोन घराणी भांडत आहेत. एक गिट आणि दुसरे मर्क्युरिअल. वाचकहो, घाबरू नका. मी ही दोन नावे घेतली की आमची ही लगेच गॅसवर काहीतरी ठेवल्याचे आठवून उठते. पण भांडण तुमच्याआमच्या ओळखीचेच आहे. झालेली गोष्ट झाली तशी लिहून ठेवायची, की व्हायला हवी होती तशी?

थोडे मूळ सांगतो. प्रोग्रॅम हा एका बैठकीत लिहून होत नाही. दहा माणसे महिनोन्‌महिने त्यात भर घालतात, मोडतोड करतात, आणि एक दिवस सगळे बंद पडते. मग 'परवापर्यंत तर चालत होतं' असे सगळे एका सुरात म्हणतात. हे परवाचे परत आणता यावे म्हणून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था लागते. १९७२ साली बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी असली पहिली नाव घेण्याजोगी व्यवस्था लिहिली. १९८०च्या दशकात तिच्या मुली-सुना आल्या, २००० नंतर सबव्हर्जन नावाची एक सोज्वळ बाई आली. तिचे सगळे दप्तर एकाच मध्यवर्ती कपाटात असे आणि एकदा कपाटात गेलेले काढायला ती कोणालाही सहजासहजी किल्ली देत नसे. तिच्या राज्यात आम्ही निमूट होतो. चूक केली की ती जगाला कायमची दिसे. सवयीने माणूस चुकाही जरा बेताने करू लागे.

मग आला २००५चा एप्रिल. लिनक्सचे काम ज्या बिटकीपर नावाच्या खासगी व्यवस्थेवर चालत होते, तिचा फुकट वापर तिच्या मालकांनी काढून घेतला. भाडेकरूला घर खाली करायला सांगावे तसा प्रकार. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी दुसरे घर शोधले नाही, बांधायलाच घेतले. काही दिवसांत गिट उभे राहिले. त्याच एप्रिलमध्ये, त्याच निकडीपोटी, मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरिअल लिहिले. म्हणजे ही दोन भांडखोर घराणी नव्हेतच, जुळी भावंडे आहेत. नावेही बघा. मर्क्युरिअल म्हणजे पाऱ्यासारखे, म्हणून त्याची आज्ञा पाऱ्याच्या रासायनिक खुणेने, 'एचजी' या दोन अक्षरांनी सुरू होते. गिट ही इंग्रजांच्या बोलीतली एक सौम्य शिवी. टोरवाल्ड्स स्वतःच गमतीने सांगतात की मी माझ्या प्रत्येक कामाला माझेच नाव देतो. आता गंमत अशी की पाऱ्याचे नाव घेतलेले भावंड स्वभावाने कमालीचे स्थिर निघाले आणि शिवीचे नाव घेतलेले हाताला लागेल त्यावर फडके फिरवणारे.

दोघांचीही नोंद ठेवायची रीत मात्र एकच, आणि ती फार सुंदर आहे. प्रत्येक नोंदीला, म्हणजे आमच्या भाषेत कमिटला, ४० अक्षरांची एक ओळख असते. ती मजकुरावरून गणिताने निघते, आणि त्या हिशेबात आधीच्या नोंदीची ओळखही धरलेली असते. आपल्याकडे कसे, स्वतःच्या नावानंतर वडिलांचे नाव लागते, तसे. त्यामुळे मधल्या एका आजोबांच्या नावात काना जरी बदलला, तरी खालच्या सगळ्या मुला-नातवंडांची कागदपत्रे नवी करावी लागतात. इतिहासात गुपचूप बदल करता येऊ नये म्हणून इतका पक्का बंदोबस्त, आणि गिटने या बंदोबस्ताच्या शेजारीच इतिहास बदलण्याचे दुकान थाटले!

त्या दुकानातला मुख्य माल म्हणजे रिबेस. आमच्यातले शिकलेसवरलेले लोक रिबेस समजावून सांगायला फळ्यावर बाण काढतात. मी एका शब्दात सांगतो. रिबेस म्हणजे दत्तकविधान. तुमच्या नोंदींचे बाप बदलायचे. सोमवारच्या कामावर आधारलेले तुमचे पोर शुक्रवारच्या कामाच्या ओटीत घालायचे, म्हणजे पुढे कोणी वंशावळ पाहिली तर तुम्ही पहिल्यापासून शुक्रवारच्या घरातलेच. जन्मदात्या घराचा उल्लेख गिटच्या नोंदीत कुठेही राहत नाही. मर्क्युरिअलमध्येही हे दत्तकविधान आहे, पण ते बिचारे नव्या नोंदीच्या पोटात जुन्या घराचा पत्ता लिहून ठेवते. मुद्दाम उकरून पाहिले तर सापडतो.

आणि तारखांचे तर विचारू नका. गिट प्रत्येक नोंदीला दोन तारखा लावते. एक, काम मुळात केव्हा केले ती आणि दुसरी, ही नोंद या रूपात केव्हा बसवली ती. साध्या यादीत फक्त पहिली दिसते. दुसरी पाहायची तर वेगळी आज्ञा द्यावी लागते. आमच्या पिढीला हे समजायला काहीच अवघड गेले नाही. वर्गातल्या निम्म्या पोरांची शाळेतली जन्मतारीख १ जून होती आणि खरी तारीख आईला 'पोळ्याच्या आदल्या दिवशी' एवढीच ठाऊक होती.

पण न्यायाने बोलायचे तर गिटच्या या इस्त्रीच्या दुकानाची मला चटक लागलेली आहे. 'इंटरॅक्टिव्ह रिबेस' म्हटले की समोर तुमच्या नोंदींची यादी उघडते आणि प्रत्येकीपुढे तुम्ही एक शब्द लिहायचा. 'पिक' म्हणजे राहू दे. 'रिवर्ड' म्हणजे भाषा सुधारतो. 'ड्रॉप' म्हणजे ही झालीच नाही. 'स्क्वॉश' आणि 'फिक्सअप' म्हणजे ही वरचीत दाबून टाक. या दोघांत फरक इतकाच की स्क्वॉशमध्ये मरणाऱ्याचे शेवटचे शब्द टिपून घेतात, फिक्सअपमध्ये तेही नाही. रात्री साडेअकराला, घर झोपल्यावर, आपल्या आठवड्याभराच्या मूर्खपणाच्या यादीसमोर बसून एकेका ओळीपुढे 'फिक्सअप' लिहीत जाण्यात जे सुख आहे ते चित्रगुप्तालाही मिळत नसेल.

आणि ही नुसती चैन नाही. माझ्या नोंदी मुळात कशा असतात? 'चालू केले.' 'आता खरेच चालू केले.' 'कालचे उलटे केले.' 'हे का चालते कळत नाही, हात लावू नये.' 'जेवायला जातो.' हा इतिहास जसाच्या तसा ठेवण्यात सत्याची कसली सेवा आहे? शिवाय एक अगदी व्यवहाराची गोष्ट. बिघाड कुठल्या नोंदीपासून सुरू झाला हे शोधायला गिटमध्ये बायसेक्ट म्हणून एक खुबी आहे. हजार नोंदी असल्या तर मधली काढून बघायची. तिथे चालते? मग बिघाड पुढच्या अर्ध्यात. पुन्हा मधली. असे दहा वेळा केले की हजारातली एक हाताला लागते. पण त्या दहांतल्या चार 'जेवायला जातो' छापाच्या असल्या आणि तिथे प्रोग्रॅम उभाच राहत नसला, तर शोध तिथेच अडखळतो. तेव्हा निवडलेले तांदूळ आणि न निवडलेले तांदूळ यांत निवडलेलेच बरे, हे मान्य.

मात्र निवडताना एक गोष्ट निसटते, आणि इस्त्रीवाले ती सांगत नाहीत. रिबेसने तयार झालेली मधली नोंद ही प्रत्यक्षात कधी अस्तित्वात नव्हती. त्या रूपात तो प्रोग्रॅम कोणी चालवलेला नाही, तपासलेला नाही. खुद्द लिनक्सच्या मार्गदर्शक कागदांत ही ताकीद आहे, आणि जे दुसऱ्यांच्या हाती गेले आहे त्याचा रिबेस करू नका, हीही आहे. तयार होते ती बखर. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात रोजकीर्दींचे मोडीतले रुमाल आहेत. कंटाळवाणे, त्या-त्या दिवशी लिहिलेले, कोणाला किती शेर तूप दिले असल्या तपशिलाचे. बखरी त्या मानाने किती वाचनीय! प्रसंग होऊन गेल्यावर, बऱ्याचदा कोणाच्या तरी आज्ञेवरून, कोणाला काय आवडेल हे ठाऊक असताना लिहिलेल्या. मी स्वतः रात्री अंथरुणावर बखरच वाचीन. पण तुपाचा हिशेब लागला तर?

मर्क्युरिअल या बाबतीत आमच्या आजीच्या वळणावर गेलेले. इतिहास बदलायची हत्यारे तिच्याकडे नव्हती असे नाही, पण ती फडताळात वर होती. तुम्ही आपल्या हाताने सेटिंगच्या कागदात एक ओळ लिहून 'मला रिबेस पाहिजे' असे सांगितल्याशिवाय ती खाली येत नसत. ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो, पण त्या अर्ध्या मिनिटात माणूस एकदा विचार करतो. नोंद साफ काढून टाका म्हटले तरी ती आधी तिची एक गाठोडी बांधून बाजूला ठेवी. 'टाकलं गं' म्हणत जुने पातेले माळ्यावर ठेवावे तसे.

मर्क्युरिअलचे खरे शहाणपण २०१२ साली आले. त्या वर्षी त्याने प्रत्येक नोंदीला एक अवस्था दिली. नोंद एकतर 'ड्राफ्ट' असेल, 'पब्लिक' असेल नाहीतर 'सिक्रेट'. तुमच्या यंत्रावर आहे तोवर ती ड्राफ्ट. खोडा, जोडा, दाबा, काय वाटेल ते करा. एकदा ती चारचौघांच्या भांडारात गेली की पब्लिक. मग रिबेस म्हटले की मर्क्युरिअल हात जोडून सांगते, हे आता होणार नाही. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा चहाचा कप तसाच धरून बसलो. कारण हे वडिलांकडे होतेच! बँकेत त्यांच्या टेबलावर दोन वह्या असत. एक कच्ची, पेन्सिलीने लिहिलेली. तिच्यात रेघोट्या, हिशेबाचे तुकडे, मधेच कोणाच्या लग्नाचा मुहूर्त. दुसरी पक्की, शाईची. रबराला मनाई होती ती दुसऱ्या वहीत. मीच चौथीच्या वयात ती सरसकट समजून बसलो होतो. तेव्हा गुरुजींचा शेरा एका अर्थी बरोबरच होता.

या शहाणपणाची पुढची पायरीही मर्क्युरिअलने गाठली. बदललेली जुनी नोंद पुसायची नाही, तिच्यावर 'ही कालबाह्य, हिच्या जागी अमुक' अशी चिठ्ठी लावून तिला नजरेआड करायचे, आणि ती चिठ्ठी सहकाऱ्यांपर्यंतही पोचवायची. रेघ मारून शेजारी सही! दुर्दैवाने ही सोय वर्षानुवर्षे प्रायोगिक म्हणूनच राहिली. समीक्षकाने कौतुकाच्या भरात हे लपवू नये, म्हणून सांगितले.

फॉसिल नावाचे एक तिसरे घराणेही आहे. त्याचे कर्ते रिचर्ड हिप हे रिबेसला घरात घेतच नाहीत आणि तो कसा घातक आहे यावर त्यांनी एक निबंधच लिहून ठेवला आहे. तुमच्या खिशातल्या फोनमधल्या याद्या ज्या एसक्यूलाइटमध्ये राहतात, त्याचे कर्तेही हेच, आणि त्या एसक्यूलाइटचा सगळा इतिहास फॉसिलमध्ये आहे. अशा माणसाशी वाद घालायला जरा तयारीने जावे लागते.

गिटवाले यावर म्हणतात, आमच्याकडे रेफलॉग आहे. आहे, खरेच आहे. तुम्ही काय काय पुसले त्याची गिट एक खासगी रोजनिशी ठेवते आणि रिबेसमध्ये हरवलेले त्यातून साधारण महिनाभर परत काढता येते. मूळ नियमाने अशा अनाथ नोंदी ३० दिवस आणि बाकीच्या ९० दिवस राहतात, मग झाडलोट. (आमच्या घरातल्या रेफलॉगला मुदत नाही. १९९८ सालच्या एका वाक्याची नोंद त्यात अजून आहे.) पण ही रोजनिशी तुमच्या यंत्रावर, तुमच्या प्रतीपुरती. प्रत गेली की रोजनिशी गेली. हे वाक्य मी इथे इतक्या शांतपणे लिहिले आहे, पण ते मी शिकलो कसे ते आता सांगायला हवे.

आमच्या गटात एक मुलगी नव्याने आली होती. सातारकडची, शांत, टेबलावर कायम एक दोनशे पानी वही. ती आणि मी एकाच शाखेवर, म्हणजे एकाच कामाच्या सामाईक प्रतीवर काम करत होतो. एका मंगळवारी रात्री मला इस्त्रीची लहर आली. माझ्या १७ नोंदी होत्या, त्यांच्या मी तीन केल्या. काय त्या तीन नोंदी! फ्रेम करून लावाव्यात अशा. त्या आधीच सामाईक भांडारात गेलेल्या होत्या, म्हणजे वडिलांच्या भाषेत शाईच्या होत्या, हे मी विसरलो नव्हतो. दुर्लक्ष केले होते. पाठवायला गेलो, गिटने नाकारले. रिबेसनंतर ते नाकारतेच. यावेळी कंसातले शब्द नेहमीपेक्षा वेगळे होते, 'आधी तिकडचे आणून घ्या' अशा अर्थाचे. पण रोजच्या नकाराचा मजकूर कोण वाचतो? मी 'फोर्स' म्हटले आणि दिवा मालवून झोपलो.

बुधवारी सकाळी ती माझ्याकडे आली.

"सर, पुल करताना सगळा गोंधळ होतोय. दोन-दोनदा दिसतंय."

"अगं, मी जरा साफसफाई केलीय. तू असं कर, तुझी प्रत काढून टाक आणि नवीन उतरवून घे."

अर्ध्या तासाने पुन्हा आली. "सर, माझं कालचं काम दिसत नाहीये."

"पाठवलं होतंस का नक्की?"

"हो सर. संध्याकाळी."

"पाठवलं असतंस तर असतं की तिथे. गिट काही हरवत नाही. राहून गेलं असेल. होतं असं पहिल्यांदा."

ती काही बोलली नाही. जागेवर गेली आणि बुधवार, गुरुवार, शुक्रवार बसून तिने ते काम आठवून आठवून परत लिहिले. सोमवारच्या बैठकीत साहेबांनी पडद्यावर यादी लावली आणि विचारले, "हे मंगळवारी यायचं होतं ना? शुक्रवारची तारीख आहे." तेव्हा मीच मोठ्या मनाने म्हणालो, "नवीन आहे सर ती. होईल सवय." म्हणजे तिची बाजू घेतली!

तीन आठवड्यांनी मी दुसऱ्याच कशासाठी तरी बिल्डच्या यंत्रावरच्या जुन्या नोंदी चाळत होतो. बिल्डचे यंत्र म्हणजे भांडारात काही नवीन आले की ते आपोआप उचलून जोडून बघणारा एक निर्विकार नोकर. त्याच्या दप्तरात त्या मंगळवारची संध्याकाळ होती. ७ वाजून १० मिनिटे, दोन नोंदी, तिचे नाव, खाली शेरा 'सर्व ठीक'. माझी इस्त्री रात्री पावणेबाराची. मी त्या ओळीकडे किती वेळ पाहत होतो कोणास ठाऊक. भांडारातल्या इतिहासात यातले काहीच नव्हते. तिथे माझ्या तीन देखण्या नोंदी होत्या आणि त्यांच्यावर तिची शुक्रवारची.

त्या दिवसापासून 'फोर्स' या शब्दाविषयी माझे मत पक्के आहे आणि ते समीक्षक म्हणून नोंदवतो. मर्क्युरिअलमध्येही पाठवताना फोर्स म्हणता येते. पण तिथे त्याचा अर्थ, 'तिकडच्याशी जुळत नसले तरी माझेही शेजारी ठेवून घ्या.' दोन टोके होतात, दिसायला घाण दिसते, लोक बोंब मारतात, पण कोणाचे काही जात नाही. गिटमध्ये अर्थ, 'तिकडे जे असेल ते उचला आणि माझे ठेवा.' एकाने बसमध्ये 'जरा सरकून घ्या' म्हणावे आणि दुसऱ्याने बसलेल्याला खिडकीतून बाहेर ढकलावे, आणि दोन्हीला नाव एकच! २०१३ साली गिटने या ढकलण्याला एक सभ्य पर्याय दिला. मी शेवटचे पाहिल्यानंतर तिथे दुसरे कोणी येऊन बसले असेल तर ढकलू नका, अशा अर्थाचा. त्याने त्या रात्री मला अडवले असते. पण त्याचे नाव 'फोर्स विथ लीज' असे लांबलचक ठेवले आहे आणि आखूड नाव अजून जुन्या दांडगाईलाच आहे. सोय कोणत्या बाजूला ठेवली यावरून कर्त्याचा स्वभाव कळतो. सार्वजनिक भांडाराच्या दारात आणखी कडक पहारा बसवता येतो, फोर्स बंद करता येते, हेही खरे. आमच्याकडे तो मुख्य शाखेला होता. आमच्या शाखेला नव्हता, कारण तिथे 'मोठी माणसे' काम करत होती.

कोणी म्हणेल, मग मर्क्युरिअल का वापरत नाही? वापरत होतो, आधीच्या नोकरीत. पण बाजार गिटने जिंकला. पायथॉन भाषेचे काम २०११ साली मर्क्युरिअलवर गेले आणि २०१७ साली गिटवर आले. बिटबकेट हे भांडार तर २००८ साली मर्क्युरिअलसाठीच निघाले होते, त्याने २०२० साली मर्क्युरिअल बंद केले. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने बरीच वर्षे दम धरला, २०२३ साली त्यांनीही निघाल्याचे जाहीर केले. मर्क्युरिअल अजून आहे, नव्या आवृत्त्या निघतात. पेठेतल्या जुन्या वाड्यात एखादे कुटुंब राहते, तसे.

साहेबांना मी सांगितले. ते चहा घेत होते. सगळे ऐकून म्हणाले, "जाऊ द्या हो. काम झालं ना शेवटी?" मग तिच्याकडे गेलो. घसा खाकरून, बिल्डच्या यंत्राचा दाखला देऊन, झाला प्रकार सांगितला. तिने ऐकून घेतले, खण उघडला आणि ती दोनशे पानी वही काढली. मंगळवारच्या पानावर तिच्या अक्षरात लिहिले होते, 'दोन कमिट पाठवले', आणि पुढे दोन्हींच्या ओळखीची पहिली सात-सात अक्षरे.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"हो सर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात ना, गिट काही हरवत नाही."

यावर काय बोलणार? मी तसाच जागेवर आलो आणि एक रिकामी नोंद केली. गिटमध्ये मजकुराशिवाय नुसती टिपणाची नोंद करता येते, ही त्याची एक चांगली बाजू. टिपणात लिहिले की शुक्रवारचे हे काम मुळात मंगळवारी वेळेवर झाले होते, ते माझ्या फोर्स पुशने गेले, चूक माझी. खाली नाव. चौथीनंतर पहिल्यांदाच मी चुकीशेजारी सही करत होतो. बरे वाटले. पाठवून दिली.

पुढच्या आठवड्यात आमची शाखा मुख्य शाखेत मिसळली गेली. मिसळणारा तरुण फार व्यवस्थित. त्याने आमच्या सगळ्या नोंदी स्क्वॉश करून एकच सुबक नोंद केली आणि टिपणातला 'अनावश्यक मजकूर' काढून टाकला. शाखा मी उघडली होती म्हणून त्या एकुलत्या नोंदीवर नावही माझेच लागले. तारीख त्या दिवसाची. पाहाल तर वाटेल, एका बुधवारी दुपारी एका माणसाने बसून एका दमात हे सगळे लिहून काढले.

मी तिच्या टेबलाशी गेलो आणि ती वही मागितली. मंगळवारच्या त्या ओळीखाली थोडी जागा होती. तिथे शाईच्या पेनने सगळे लिहिले, अगदी पावणेबाराच्या वेळेसकट, आणि लपेटदार सही केली. तिने वही आपल्याकडे वळवून वाचली.

"सर," ती म्हणाली, "तारीख राहिलीय."